गर्व ओळखायचा कोणी?

ख्रिस्ती नीतिविचारात गर्व हे सर्व पापांचे मूळ आणि नम्रता हा सर्व सद्गुणांचा पाया मानला जातो. रविवारच्या उपासनेत हे इतक्या वेळा कानावर पडते की त्यावर काही वाद असेल अशी शंकाही येत नाही. प्रत्यक्षात सोळाशे वर्षे या विषयाचा खल चालू आहे, आणि गेल्या साठ-पासष्ट वर्षांत तर त्याला नवीच धार आली आहे. नम्रता म्हणजे स्वतःला कमी लेखणे की स्वतःला नेमके ओळखणे? ती प्रयत्नाने कमावता येते की केवळ कृपेने मिळते? जे आधीच दबलेले आहेत त्यांनाही तिचा उपदेश करावा काय? उत्तरे देणारे पक्ष वेगवेगळे आहेत. पण त्यांचे लिखाण शेजारीशेजारी ठेवून वाचले, तर बहुतेक मतभेदांच्या मुळाशी एकच अडचण दिसते. गर्व ज्याच्यात असतो त्याला तो दिसत नाही, म्हणून तो दाखवायला दुसरा कोणी लागतो. आणि त्या दुसऱ्याच्या हाती सत्ता असेल, तर त्याचे निदान कितपत खरे मानायचे? पुढच्या आढाव्यात मी हाच धागा धरला आहे.

शास्त्राचा आधार

नव्या करारातले आधार परिचयाचे आहेत. लूकच्या अठराव्या अध्यायातला परुशी आणि जकातदार, योहानाच्या तेराव्या अध्यायात शिष्यांचे पाय धुणारा येशू, आणि फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात देवाच्या स्वरूपाचा असूनही स्वतःला रिक्त करणारा ख्रिस्त. तिन्ही ठिकाणी वाकणारा आपण होऊन वाकतो. जकातदाराला कोणी मागे उभे केलेले नाही, गुरूला कोणी पाय धुवायला लावलेले नाही. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तरुणांनी वडिलांच्या अधीन असावे असे सांगितले आहे, आणि हे वचन उपदेशात हमखास येते. त्याच्या दोनच वचने आधी मात्र वडिलांना बजावले आहे की कळपावर धनीपण गाजवू नका. आणि लगेच पुढे सर्वांनीच एकमेकांशी नम्रतेने वागावे असे आहे. या तिन्हींतले मधलेच वचन मंडळीच्या तोंडी का राहिले, याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही.

वाळवंटातले निरीक्षण

गर्वाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो चौथ्या शतकात, इजिप्तच्या वाळवंटात एकांतवास करणाऱ्या तपस्व्यांमध्ये. एव्हाग्रिअस (मृत्यू ३९९) याने मनाला घेरणाऱ्या आठ विचारांची यादी केली. खादाडपणा, कामवासना, पैशाचा लोभ यांपासून सुरू होणाऱ्या या यादीच्या शेवटी लौकिकाची लालसा आणि गर्व हे दोन विचार येतात. हे दोन शेवटी येण्याला अर्थ आहे. आधीचे विकार माणसाच्या दुबळेपणावर पोसले जातात, हे दोन त्याच्या यशावर. जॉन कॅसिअनने हे ज्ञान पाचव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण गॉलमधल्या मठांत नेले. लौकिकाची लालसा कांद्यासारखी आहे, असे तिथले वडीलधारे म्हणत असल्याचे तो नोंदवतो: एक पापुद्रा काढावा तो खाली दुसरा. उपवास चारचौघांत केला तर दिखाऊपणा येतो, लपवून केला तर लपवल्याचे कौतुक मनात घर करते.

कॅसिअनने सांगितलेली एक हकीकत तर फारच बोलकी आहे. एक वृद्ध तपस्वी एका तरुण भिक्षूच्या खोलीपाशी आला. आतून पुटपुटणे ऐकू येत होते. शास्त्रपाठ चालला असेल म्हणून तो दाराशी थांबला. ऐकतो तर काय, आतला एकटाच भिक्षू आपण भरल्या मंडळीपुढे उभे आहोत अशी कल्पना करून उपदेश ठोकत होता. तो संपल्यावर त्याने बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांना बाहेर जाण्याची सूचनाही देऊन टाकली. वृद्धाने दार ठोठावले. तरुणाने ओशाळून विचारले, आपण केव्हा आलात? वृद्ध म्हणाला, आत्ताच, तू उमेदवारांना निरोप देत होतास तेव्हा. गर्व दुसऱ्यानेच दाखवला. पण दाखवणाऱ्याने त्याला चारचौघांत उघडे पाडले नाही, की त्याच्यावर हुकूम चालवला नाही.

पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप पहिला ग्रेगरी याने यादीची फेरमांडणी केली. गर्वाला त्याने यादीतून काढून सर्व दुर्गुणांच्या मुळाशी बसवले आणि मुख्य दुर्गुण सात ठरवले. याच ग्रेगरीचा कॉन्स्टँटिनोपलच्या धर्माध्यक्षाशी ‘वैश्विक’ या पदवीवरून वाद झाला. अशी पदवी घेणे हाच गर्व, असे त्याचे म्हणणे होते, आणि स्वतःसाठी तो ‘देवाच्या सेवकांचा सेवक’ असे लिहीत असे. कालांतराने हेच बिरुद पोपपदाच्या अधिकृत पदव्यांत जाऊन बसले. कॅसिअनचा कांदा इथेही सोलावा लागतो.

मठाची शिडी

सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली तिचा सातवा अध्याय नम्रतेच्या बारा पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी देवाचे भय. तिसरी वरिष्ठांचे आज्ञापालन. पाचवी मनातले वाईट विचार मठाधिपतीपुढे उघड करणे. सातवी आपण सर्वांहून हीन आहोत असे नुसते म्हणणे नव्हे तर मनोमन मानणे. आणि बारावी म्हणजे चालताबसता नजर खाली ठेवण्यापर्यंत नम्रता देहबोलीत मुरणे. बाराव्या शतकात क्लेर्व्होच्या बर्नार्डने हीच शिडी उलटी करून गर्वाच्या बारा पायऱ्या वर्णिल्या. त्यांतली पहिली आहे कुतूहल, म्हणजे स्वतःचे सोडून दुसऱ्याकडे भिरभिरणारी नजर. आपल्याला चढण्यापेक्षा उतरण्याचाच अनुभव अधिक, असे मिश्कीलपणे सांगायलाही तो विसरत नाही.

या परंपरेचे बळ असे की ती नम्रतेला नुसती भावना मानत नाही. बोलण्यात, हसण्यात, जेवणाच्या पंगतीत, कामाच्या वाटपात ती रुजवायची असते. सवयीने मन घडते हा तिचा विश्वास, आणि अनुभव त्याच्या बाजूने आहे. तिची अडचणही त्याच जागी आहे. गर्व स्वतःला दिसत नाही म्हणून मठाधिपतीपुढे मन उघडायचे. पण मठाधिपतीच्या गर्वाचे काय? बेनेडिक्टला हा प्रश्न सुचला नव्हता असे नाही; त्याच्या उत्तराकडे शेवटी येऊ.

दोन दुरुस्त्या

मध्ययुगीन विद्वानांपुढे आणखी एक पेच उभा राहिला. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात थोर मनाचा माणूस स्वतःला मोठ्या मानाला पात्र समजतो, आणि तो खरोखर पात्र असतोही. ख्रिस्ती नम्रतेशी याचा मेळ कसा घालायचा? तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने उत्तर दिले की दोन्ही सद्गुणच आहेत. आवाक्याबाहेरच्या मोठेपणाकडे झेपावणाऱ्या इच्छेला नम्रता आवरते. आवाक्यातल्या मोठ्या कामापासून कच खाणाऱ्या मनाला थोरपणा पुढे ढकलतो. बेनेडिक्टच्या सातव्या पायरीचाही त्याने तर्कशुद्ध उलगडा केला. आपल्यातले देवदत्त गुण दुसऱ्यातल्या देवदत्त गुणांपेक्षा कमी आहेत असे कोणी मानण्याची गरज नाही. आपल्यात जे केवळ मानवी आहे ते दुसऱ्यात जे देवाचे आहे त्यापुढे कमी मानावे, एवढेच. म्हणजे उत्तम गवयाने आपला गळा बेसूर आहे असे म्हणणे ही नम्रता नव्हे, तो खोटेपणा झाला. सोळाव्या शतकात आविलाच्या तेरेसाने नम्रतेचा संबंध थेट सत्याशी जोडला तो याच वळणाने.

दुसरी दुरुस्ती मार्टिन ल्यूथरची, आणि ती मुळावरच घाव घालणारी. १५२१ मध्ये मरीयेच्या स्तुतिगीतावर लिहिलेल्या भाष्यात तो म्हणतो की मरीया आपल्या नम्रतेची थोरवी गात नाही. देवाने आपल्या क्षुल्लक अवस्थेकडे पाहिले, एवढेच ती सांगते. नम्रतेला ‘कमावण्याचा गुण’ मानले की तीच पुण्याची जमाबाजू होते. खऱ्या नम्र माणसाला आपण नम्र आहोत याचा पत्ता नसतो. यावर कॅथलिक बाजूचे उत्तर असे की पत्ता नसणे मान्य. पण तेवढ्याने सवयी लावून घेण्याचे प्रयत्न व्यर्थ ठरत नाहीत. पोहायला शिकणाऱ्यालाही हातपाय मारावेच लागतात. प्रॉटेस्टंट परंपरेलाही पुढे हे जवळजवळ मान्य करावे लागले. १७४० च्या दशकात अमेरिकेतल्या जागृतीच्या लाटेत जोनाथन एडवर्ड्सला दिसले की कृपेने भारावलेले लोकच एकमेकांवर गर्वाचे आरोप करीत सुटले आहेत. आध्यात्मिक गर्व सर्वांत लपून राहणारा, हे त्याचे म्हणणे जुनेच होते. नवी होती ती खूण: ज्याला दुसऱ्याचा गर्व चटकन दिसतो त्याने आधी स्वतःला तपासावे. निदान करणाऱ्याची उत्सुकताच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरू शकते, हा विचार माझ्या मते या साऱ्या चर्चेतला सर्वांत उपयोगी आहे, आणि सर्वांत दुर्लक्षितही.

आक्षेप

बाहेरचे दोन आक्षेप प्रसिद्ध आहेत. डेव्हिड ह्यूमने १७५१ मध्ये नम्रतेची गणना निरुपयोगी मठवासी गुणांत केली. नीत्शेने १८८७ मध्ये ती दुबळ्यांनी आपल्या असहायतेला दिलेले गोंडस नाव ठरवली. अक्वायनसची मांडणी ध्यानात घेतली तर ह्यूमचा बाण बराचसा चुकतो. नीत्शेचा तितका चुकत नाही, कारण लाचारीला नम्रता म्हणण्याचा प्रकार घडतच नाही असे कोणी म्हणू शकणार नाही.

अधिक गंभीर आव्हान आतून आले. राइनहोल्ड नीबुरने ‘मानवाचा स्वभाव आणि नियती’ या १९४१ आणि १९४३ मध्ये दोन खंडांत निघालेल्या ग्रंथात पापाचे मुख्य रूप गर्व हेच मानले आणि सत्तेचा, ज्ञानाचा, सदाचरणाचा असे त्याचे प्रकार पाडले. महायुद्धाच्या काळात हे विश्लेषण लोकांना पटले. १९६० मध्ये व्हॅलरी सेव्हिंग यांनी एका लेखात विचारले की हा अनुभव नेमका कोणाचा? सगळे धर्मपंडित पुरुष, म्हणून त्यांना स्वतःचे जे पाप दिसले तेच त्यांनी मानवजातीचे ठरवले. मुलेबाळे आणि घर यांत स्वतःला विरघळवून टाकण्याची शिकवण मिळालेल्या बाईचा मोह वेगळा असतो: स्वतःचे असे काही उरूच न देणे. तिला आणखी आत्मत्याग सांगणे म्हणजे रोग्याला रोगच औषध म्हणून देणे. जुडिथ प्लास्को यांनी १९८० मध्ये हा युक्तिवाद विस्ताराने मांडला. भारतात १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमधल्या अरविंद निर्मळ यांच्या व्याख्यानापासून दलित धर्मविचाराची जी वाट सुरू झाली, तिच्यावर हाच प्रश्न अधिक टोकदार होतो. ज्या समाजाला गावाने पिढ्यान्‌पिढ्या खाली मान घालायला लावली, त्याला चर्चनेही तेच सांगायचे काय? मराठी मंडळीत नम्रतेची भाषा बरीचशी तुकोबांच्या वाटेने आली. रेव्हरंड टिळकांनी त्या वाटेचे ऋण उघडपणे मान्य केले. त्या भाषेची गोडी निर्विवाद आहे. पण स्वेच्छेने घेतलेले लहानपण आणि जन्माने लादलेले लहानपण यांना तिच्यात एकच शब्द पडतो, याची दखल आपल्याकडच्या उपदेशकांनी क्वचितच घेतली.

यावर दोन उत्तरे दिली जातात. नीबुरचे समर्थक म्हणतात की गर्व म्हणजे स्वतःला देवाच्या जागी बसवणे; स्वाभिमानाशी त्याचे भांडण नाही. हे बरोबर आहे, पण मंडळीत बसलेल्या बाईच्या कानी व्याख्या पडत नाही, उपदेश पडतो. दुसरे उत्तर सारा कोकली यांचे: देवापुढे मौन प्रार्थनेत स्वतःला रिक्त करण्याने माणूस दुबळा होत नाही, उलट इतर सत्तांपुढे ताठ उभे राहण्याचे बळ तिथेच मिळते. टीकाकारांना हे पुरेसे वाटत नाही, कारण देवापुढची शरणागती आणि देवाच्या नावाने बोलणाऱ्या माणसापुढची शरणागती यांतली रेघ पाळकाच्या खोलीत सहज पुसली जाते.

वाँटेजची पत्रे

ही रेघ कशी पुसली जाते आणि कशी राखता येते, याचा एक अस्सल पुरावा मराठी वाचकाच्या हाताशी आहे. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. तिथल्या अँग्लिकन मठातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक. रमाबाई त्यांना पत्रांत ‘आजीबाई’ म्हणत. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली हा पत्रव्यवहार प्रसिद्ध केला. त्यात गर्वाचा आरोप पुन्हा पुन्हा येतो, आणि ज्या निमित्तांनी येतो ती पाहण्यासारखी आहेत. रमाबाई मांसाहार करीत नसत, अंडे घातलेला पदार्थ खात नसत. जेराल्डिनना त्यात जातीचा अहंकार दिसला. क्रुसावरचा मजकूर लॅटिनऐवजी संस्कृतात का असू नये, असे रमाबाईंनी विचारले. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यास मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली, तीही त्यांनी मुकाट्याने मानली नाही. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्यांच्या शंका होत्या, आणि त्या त्यांनी लपवल्या नाहीत.

रमाबाईंची उत्तरे वाचताना जाणवते की त्या गर्वाचा आरोप सरसकट झिडकारत नाहीत. आपण पूर्वग्रहांतून पूर्ण सुटलो आहोत असा त्यांचा दावा नाही. त्या उलट विचारतात: एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला गेली आणि कोणाला अपाय न करणाऱ्या आपल्या चालीरीती तिने सोडल्या नाहीत, तर तिला गर्विष्ठ म्हटलेले चालेल काय? विवेकबुद्धी देवानेच दिली आहे, ती धर्मगुरूंच्या प्रत्येक शब्दापुढे गहाण टाकणे हे ख्रिस्ताचे आज्ञापालन नव्हे, ही त्यांची भूमिका. जेराल्डिन दुष्ट नव्हत्या. त्यांची माया पत्रांत जागोजाग दिसते. अडचण अशी की नम्रता, मठाची शिस्त आणि इंग्रजी राहणी या तीन गोष्टी त्यांच्या लेखी एकजीव झाल्या होत्या. आज्ञापालन हे नम्रतेचे माप धरले की असेच व्हायचे.

मात्र याच गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि रमाबाईंना निव्वळ बंडखोर म्हणून रंगवणारे ती गाळतात. बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी, भारतात परतल्यावर, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता अशी कबुली त्यांनी पुढे लिहिलेल्या साक्षीत दिली. वाँटेजला न वाकलेली बाई देवापुढे वाकली, आणि त्यानंतरची केडगावच्या मुक्ती मिशनमधली वर्षे तिने निराधार बायकामुलींच्या सेवेत घालवली. कोकलींचा युक्तिवाद कागदावर जेवढा पटतो त्याहून या चरित्रात अधिक पटतो. अर्थात एका चरित्राने सिद्धान्त सिद्ध होत नाही. रमाबाईंजवळ शास्त्रांचे अध्ययन होते, नाव होते, इंग्लंडबाहेर जायला अमेरिकेची वाट होती. हे काहीच नसलेल्या बाईने जेराल्डिनसारख्या मार्गदर्शकाला काय उत्तर दिले असते?

मोजमाप

अलीकडे हा विषय मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतही पोहोचला आहे. २००० साली जून टँगनी यांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेताना मूळ अडचणीवर बोट ठेवले: ‘मी अत्यंत नम्र आहे’ या विधानापुढे पूर्ण गुण देणारा माणूस नम्र कसा? ल्यूथरचाच मुद्दा, प्रश्नावलीच्या रूपात. म्हणून काही संशोधकांनी जवळच्या माणसांना विचारण्याची पद्धत स्वीकारली. तत्त्वज्ञांमध्ये ज्युलिया ड्रायव्हर यांनी १९८९ मध्ये विनय म्हणजे स्वतःच्या गुणांविषयीचे एक प्रकारचे अज्ञान, असे मांडले. २०१७ मध्ये डेनिस व्हिटकॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बौद्धिक नम्रतेचा अर्थ आपल्या मर्यादांची दखल घेऊन त्यांची जबाबदारी पत्करणे असा केला. दुसरी व्याख्या अक्वायनसच्या जवळची आहे आणि मला अधिक टिकाऊ वाटते, कारण पहिलीत सद्गुण टिकवण्यासाठी चूक टिकवावी लागते. जवळच्यांची साक्षही निर्दोष नाही. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसोबत राहणारा नम्र माणूस म्हणून जगभर आदर मिळवलेल्या ज्याँ व्हानिए यांनी अनेक स्त्रियांचे शोषण केले होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर, २०२० मध्ये, लार्श या त्यांनीच स्थापन केलेल्या संस्थेने करवून घेतलेल्या चौकशीत उघड झाले. नम्रतेची कीर्तीच तिथे शोषणाचे पांघरूण झाली होती.

संस्थेचा गर्व

व्यक्तीपेक्षा समूहाचा गर्व अधिक निगरगट्ट, हे नीबुरने बजावले होते. चर्चने समूह म्हणून दोष कबूल केल्याची उदाहरणे विसाव्या शतकात आहेत. ऑक्टोबर १९४५ मध्ये जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी श्टुटगार्ट येथे नाझी काळातल्या आपल्या अपयशाची कबुली दिली. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी जाहीर क्षमायाचना केली. पण पाप चर्चच्या लेकरांचे की चर्चचेच, हा भेद तेव्हा जपला गेला आणि त्यावर आजही मतभेद आहेत. ऑगस्ट २०१८ च्या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी लैंगिक शोषणाचा संबंध धर्मगुरूंच्या वर्चस्ववृत्तीशी जोडला. निर्णय वरून खाली येणाऱ्या रचनेत ही वृत्ती तपासायची कोणी, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

इथे बेनेडिक्टकडे परतावे लागते. त्याच्या नियमावलीच्या तिसऱ्या अध्यायात महत्त्वाच्या बाबीत सर्वांना बोलावून विचारावे असे आहे, कारण देव अनेकदा धाकट्यालाच योग्य गोष्ट सुचवतो. एकसष्टाव्या अध्यायात त्याहून धीट तरतूद आहे. दुरून आलेला परका भिक्षू मठातले काही दोष नम्रपणे दाखवू लागला, तर मठाधिपतीने त्याचा विचार करावा. कदाचित देवाने त्याला त्यासाठीच धाडले असेल. दाखवणारा बाहेरचा, त्याच्या हाती कसलाही अधिकार नाही, आणि ऐकायचे आहे ते वरच्याने. सातव्या अध्यायावर शतकानुशतके ग्रंथ लिहिले गेले, या तरतुदीच्या वाट्याला त्यातले फार थोडे आले. आजच्या स्वतंत्र चौकशी समित्या, तक्रार-यंत्रणा, बाहेरचे लेखापरीक्षण यांना काही धर्मपंडित त्या परक्या भिक्षूचे वारस मानतात. इतरांच्या मते ही निव्वळ प्रशासकीय दक्षता आहे, सद्गुणाशी तिचा संबंध नाही. नियमाच्या धाकाने वाकलेली संस्था नम्र म्हणता येत नाही. पण सवयीने मन घडते हे भिक्षूच्या बाबतीत मान्य असेल, तर ते संस्थेच्या बाबतीत अमान्य का, याचे समाधानकारक उत्तर या दुसऱ्या पक्षाकडून अजून आलेले नाही. आणि भिक्षू नम्रपणे बोलला तरच त्याचे ऐकावे, ही बेनेडिक्टची अट शोषण सोसलेल्या माणसालाही लावायची काय, याचे उत्तर पहिल्या पक्षाकडेही नाही.